द बिग बॉस (१९७१) : पाक चोंगमधले ते दिवस आणि लचकलेला घोटा

खडीसाखर
काल रात्री झोप येईना म्हणून परत एकदा 'द बिग बॉस' लावला. कितव्यांदा ते विचारू नका. पण यावेळी पहिल्यांदाच माझं लक्ष फक्त पायांकडे होतं. शेवटच्या मारामारीत ब्रूस ली बंगल्याच्या बागेत व्हिलनसमोर उभा राहतो ना, तिथे मधेमधे कॅमेरा त्याच्या तोंडाला जो चिकटतो तो सुटतच नाही. घाम, डोळे, फुरफुरणारं नाक. लहानपणी वाटायचं काय भारी स्टाईल आहे, राग दाखवतायत. स्टाईल कसली डोंबल, माणसाचा घोटा सुजलेला होता, अंगात ताप होता आणि त्याला नीट चालता येत नव्हतं म्हणून टाइट क्लोजअप!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. १९७१चा जुलै. ब्रूस ली तिशीचा, अमेरिकेत बायको, दोन लहान पोरं, डोक्यावर घराचं कर्ज. तो ज्यात होता ती 'ग्रीन हॉर्नेट' ही टीव्ही मालिका बंद पडून चार वर्षं झालेली. आदल्या वर्षी, १९७०ला, व्यायाम करताना पाठ अशी धरली की डॉक्टर म्हणाले लाथा मारणं विसर. हॉलिवूडमधे चायनीज माणसाला हिरो करायला कोणी तयार नाही. अशात हाँगकाँगहून गोल्डन हार्वेस्ट नावाच्या कंपनीची ऑफर येते, दोन पिक्चरचे मिळून १५,००० डॉलर. ही कंपनी पण नवीनच, रेमंड चाऊ आणि लेनर्ड हो हे दोघं शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या बड्या स्टुडिओमधून फुटून १९७०ला निघालेले. पिक्चरचं अख्खं बजेट लाखभर अमेरिकन डॉलरच्या आत. आणि शूटिंग कुठे, तर थायलंडमधे, पाक चोंग नावाच्या गावात, बँकॉकच्या ईशान्येला कोरात शहराच्या रस्त्यावर.

गड्याने लॉस एंजेलिसहून निघून बँकॉक गाठलं, तिथून पाक चोंग, आणि २२ जुलैला शूटिंग सुरू. तिथून बायकोला लिहिलेल्या पत्रांत जे आहे ते वाचून आपल्याकडच्या कुठल्याही युनिटवाल्याला घरचं वाटेल. जेवण भयानक, गावात बीफ नाहीच, चिकन आणि पोर्क नावाला, नशीब सोबत व्हिटॅमिनच्या गोळ्या आणल्या. दुपारी डब्यातलं मांस. डास, झुरळं, पाणी खराब. वजन १२८ पौंडावर आलं, म्हणजे ५८ किलो! मूळचाच काटक माणूस, त्यातून कमी काय होणार.

त्यात पातळ काचेचा ग्लास धुताना बोट कापलं, दहा टाके. मग उंच उडी मारून गादीवर उतरताना गादी सरकली आणि घोटा मुरगळला, गाडीत घालून बँकॉकला डॉक्टरकडे नेलं. आणि हे सगळं चालू असताना दिग्दर्शक बदलला!

तर प्रश्न असा की एवढा सगळा राडा झालेला पिक्चर एवढा कसा चालला? की राडा झाला म्हणूनच तो असा झाला? मला दुसरं वाटतं. बोला.

तिखटशेव
घोटा वगैरे ठीक आहे पण पिक्चरमधे हिरो पाऊण तास हात बांधून उभा असतो त्याचं काय 😀 आम्ही कोल्हापुरात व्हिडिओवर बघितला होता, दोन रुपये तिकीट, अर्धी पोरं ओरडायला लागली की हा ब्रूस लीचा पिक्चर नाहीच, दुसऱ्याच कुणाचा आहे, पैसे परत द्या. व्हिडिओवाला म्हणाला थांबा रे जरा लॉकेट तुटू दे.

खडीसाखर
@तिखटशेव हाहा, व्हिडिओवाला जाणकार! आईने दिलेलं ते लॉकेट, मारामारी करणार नाही अशी शपथ. कथेत बसवलंय छान, पण खरं कारण वेगळं असं म्हणतात. मुळात जेम्स टिएन हा हिरो ठरला होता आणि ली जोडीला. शूटिंग चालू झाल्यावर लीच्या लाथा बघून सगळ्यांचे डोळे फिरले आणि पारडं सरकलं. म्हणून पहिल्या भागात मारामाऱ्या टिएनच्या आणि मग तो मधेच खलास. आता बघा तुम्ही, पिक्चर अक्षरशः एका हिरोकडून दुसऱ्याकडे जातो.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
जरा थंड पाणी ओततो. ब्रूस लीबद्दलच्या निम्म्या गोष्टी मेल्यानंतर फुगवलेल्या आहेत. दहा टाके, डास, झुरळं... बिचारा, बिचारा. अहो त्याच युनिटमधे थाई स्टंटवाले होते, लाइटवाले होते, त्यांनी पण तेच पाणी प्यायलं असेल ना? त्यांची पत्रं कुणी छापली नाहीत म्हणून त्यांना डास चावले नाहीत असं आहे का? आणि तो दुसरा दिग्दर्शक लो वेई, त्याला सगळे शिव्या घालतात, पण अर्धवट सोडलेला पिक्चर परक्या देशात जाऊन उचलणं हे काय सोपं काम नाही.

जिन्यातली_मांजर
कोपऱ्यातल्यांशी सहमत, विशेषतः थाई लोकांबद्दल. पिक्चर घडतो थायलंडमधे, हिरो राबतो तो बर्फाचा कारखाना थायलंडमधला, आणि मुख्य माणसं बघा सगळी हाँगकाँगची. थाई माणूस म्हणजे गर्दी नाहीतर मार खाणारा. आपणही स्वित्झर्लंडमधे तेच केलं म्हणा, तिथला माणूस फक्त गायीमागे दिसला.

बाकी पहिला दिग्दर्शक कोण होता? आणि का काढला?

खडीसाखर
@जिन्यातली_मांजर वू चिया-श्यांग. तापट होता, युनिटवर आरडाओरडा चालायचा आणि लीचं त्याच्याशी पटेना. त्याच्या जागी लो वेई आला, पण गंमत म्हणजे लीला हाही आवडला नाही! पत्रात त्याने दोघांनाही एकेका वाक्यात निकालात काढलंय, पहिल्याला धड काही ठरवता येत नव्हतं आणि हा नवा बेताचाच असून रुबाब मात्र सहन न होणारा. पिक्चरच्या नावांमधे मात्र लेखक आणि दिग्दर्शक दोन्हीकडे लो वेईच आहे, वूचा पत्ता साफ.

@कोपऱ्यातला_प्रेक्षक थाई स्टंटवाल्यांचं मान्य. शंभर टक्के.

रात्रपाळी
नेहमी नुसता वाचून जातो, आज राहवलं नाही. मी वीसेक वर्षं प्रॉडक्शनमधे आहे, आणि साधारण पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका गरीब ॲक्शन पिक्चरच्या शेड्यूलला थायलंडला होतो, बँकॉकपासून तीनेक तासांवर, पिक्चरचं नाव सांगत नाही, सांगितलं तरी तुम्हाला आठवणार नाही, तो एका शुक्रवारी आला आणि सोमवारी गेला.

मुंबईहून आम्ही बावीस जण. हिशोब असा होता की बाहेर शूट केलं की पिक्चर मोठा दिसतो आणि तिथे लोकेशन, गाड्या, माणसं स्वस्त. कागदावर बरोबर. पण कागदावर पाऊस नसतो. तिकडे जुलै ते सप्टेंबर म्हणजे भर पावसाळा, तेव्हाच हॉटेलं स्वस्त असतात आणि म्हणूनच गरीब पिक्चर तेव्हाच जातो. ब्रूस लीचं शूटिंग २२ जुलै ते ३ सप्टेंबर ना, मग बघा, नेमका तोच सीझन. धागाकर्त्याने पावसाचा प ही काढला नाही म्हणून मी लिहितोय.

आमच्याकडे पहिलाच घोळ विमानतळावर. सामान काही दिवसांसाठी बाहेर नेऊन परत आणायचं असेल तर कार्ने नावाचं कागदपत्र लागतं, आपल्याकडे ते फिक्की या उद्योगांच्या संघटनेकडून मिळतं, त्यात कॅमेऱ्याची एकेक लेन्स सिरीयल नंबरसकट लिहावी लागते. कॅमेऱ्याचं सगळं व्यवस्थित होतं. पण कोणीतरी शहाण्याने फाइटच्या ट्रंकेत चार डमी पिस्तुलं टाकली, लिस्टमधे नाव नाही. लाकूड आणि फायबर, ट्रिगर पण हलत नाही, पण एक्सरेमधे पिस्तूल ते पिस्तूलच. ट्रंक आत, आम्ही बाहेर, आणि त्या ट्रंकेत नीपॅड, एल्बोपॅड, हार्नेस सगळं. दोन दिवस फाइट मास्तरने गोळीबाराचा सीन हाताने मारामारीचा करून टाकला. आणि खरं सांगू, पिक्चरमधला तेवढाच एक सीन बघण्यासारखा आहे.

हीरोचा पाय मुरगळला तर काय करतात ते पण सांगतो. शेड्यूल थांबवत नाहीत. थांबवलं तर बावीस माणसांचं हॉटेल, भत्ता, गाड्या, सगळं बसून खातं. मग चीट करायचं. कमरेच्या वरचं सगळं त्याच दिवशी काढायचं, लाथ डुप्लिकेटची पाठीमागून, पळणं असेल तर पुढचा माणूस पळताना दाखवायचा आणि हिरो फक्त फ्रेममधे आत येताना. बर्फाची पिशवी पायाला बांधायची आणि शॉटच्या आधी सोडायची. बर्फाच्या कारखान्यात शूटिंग होतं म्हणजे तेवढी तरी सोय असणार 😄

आणि दिग्दर्शक मधेच बदलणं... ते बाहेर असताना करायची हिंमत लागते. नवा माणूस आला की पहिलं काढलेलं निम्मं त्याला आवडत नाही, पण परत काढायला पैसे नाहीत, म्हणून दोघांचं मिळून शिवलेलं घोंगडं तयार होतं. पिक्चर परत बघा, शिवण कुठेतरी दिसेल.

तिखटशेव
@रात्रपाळी दादा, जेवणाचं काय केलं मग तुम्ही? डब्यातलं मांस?

रात्रपाळी
महाराज नेला होता मुंबईहून, इंडक्शन आणि दोन कुकर घेऊन. हॉटेलवाल्याने पहिल्याच रात्री फोडणीचा धूर बघून अलार्म वाजवला, मग पार्किंगमधे ताडपत्री बांधून किचन. तूरडाळ आठव्या दिवशी संपली. नंतर भात, अंड्याची भुर्जी आणि मेकअप दादांच्या बायकोने दिलेलं कैरीचं लोणचं. बरणी शेवटी शेवटी प्रॉडक्शन मॅनेजरच्या ताब्यात, चमच्याने मोजून. हसू नका, लोकेशनवर भांडण पैशावरून होत नाही इतकं जेवणावरून होतं. म्हणून लीच्या पत्रात आधी चिकन नाही आणि मग दिग्दर्शकाची तक्रार हे मला अगदी पटलं.

मिरकरवाडा_फास्ट
मी रत्नागिरीचा. आमचे बाबा ३१ वर्षं बर्फाच्या कारखान्यात होते, बंदरावर बोटींना बर्फ लागतो तो. तुम्ही लोक डास आणि दिग्दर्शक करत बसलात, मला त्या कारखान्याबद्दल बोलायचंय.

बर्फाचा कारखाना म्हणजे फ्रीज नव्हे. खाली मोठी टाकी, त्यात मिठाचं थंडगार पाणी, त्यात पत्र्याचे उभे डबे गोड्या पाण्याने भरून बुडवलेले. वर लाकडी फळ्यांची झाकणं, त्याच्यावरून माणसं चालतात. गोठले की क्रेनने डबे उचलायचे, साध्या पाण्यात बुडवून सैल करायचे आणि उलटे करायचे, की लादी घसरत बाहेर येते. एक लादी सव्वाशे-दीडशे किलोची. खाली सगळीकडे पाणी, ओलं, निसरडं. अमोनियाचा वास कपड्यातून जात नाही, बाबा घरी आले की आई आधी शर्ट बाहेर वाळत टाकायची, मग बोलायची. आणि आवाज! कॉम्प्रेसर चोवीस तास, वर क्रशर चालू झाला की बाजूच्या माणसाला पण हातानेच खुणा. बाबांना आता डाव्या कानाने कमी येतं.

अशा जागी लोकं हवेत उड्या मारून मारामारी करतायत आणि अंगावर सदरा, हे बघूनच मला धडकी भरते. घोटा कारखान्यात मुरगळला नाही हेच नशीब.

खडीसाखर
@मिरकरवाडा_फास्ट काय लिहिलंयस राव. आणि तुझं त्या पत्रांशी जुळतंय बरं का! एका पत्रात लीने लिहिलंय की ओरडून ओरडून त्याचा आवाजच बसला, कारण मशिनी चालू, बर्फ कापणं चालू आणि त्यात संवाद. मी ते वाचलं होतं पण डोक्यात फ्रीजच होता. आता कळलं.

जिन्यातली_मांजर
पण संवाद ओरडायचे कशाला? हाँगकाँगचे पिक्चर तेव्हा मुकेच शूट व्हायचे ना, आवाज सगळा नंतर डबिंगला?

रात्रपाळी
@जिन्यातली_मांजर ताई, डबिंग असलं तरी समोरच्याला क्यू तर ऐकू गेला पाहिजे. आणि राग तोंडातून निघाल्याशिवाय गळ्याच्या शिरा फुगत नाहीत, नुसते ओठ हलवले तर पडद्यावर लगेच कळतं. आपल्याकडे पण ॲक्शन पिक्चरमधे नट जीव तोडून ओरडतो आणि नंतर थंड एसी स्टुडिओत उभं राहून तेच परत ओरडतो.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
इथे तर ते परत ओरडणं पण त्याच्या नशिबात नव्हतं. पिक्चर मँडारिनमधे डब झाला आणि ली घरचा कँटनीज बोलणारा, त्यामुळे मूळ पिक्चरमधे त्याच्या संवादांना आवाज दुसऱ्याचाच. म्हणजे ज्या आवाजासाठी घसा फोडला तो प्रेक्षकाने ऐकलाच नाही.

बरं, मी मगाशी थंड पाणी ओतलं पण एक गोष्ट मानतो, मारामारीची. ॲक्शन बसवणारा हान यिंग-च्ये, तोच पडद्यावरचा मोठा बॉस. तो चायनीज ऑपेराच्या शाळेतला, ट्रॅम्पोलीनवरून उंच उड्या, हवेत कोलांट्या, एकेक मारामारी लांबलचक. लीला हवं होतं एक लाथ, एक माणूस आडवा, संपलं. पिक्चरमधे दोन्ही आहे. कधी ली झाडाएवढा उडतो आणि पुढच्याच शॉटला तीन लाथांत तीन माणसं. रात्रपाळी म्हणतात ती शिवण दिग्दर्शकांची शोधायला जाऊ नका, ती इथे उघडी पडलीय. आणि तो भिंतीतून माणूस आरपार जातो आणि भिंतीला माणसाच्या आकाराचं भोक पडतं तो सीन, कार्टून आहे हो निव्वळ.

तिखटशेव
तो सीन आमच्याकडे तीनदा रिवाइंड झाला होता, त्याला नावं ठेवायची नाहीत.

खडीसाखर
@कोपऱ्यातला_प्रेक्षक लीलाही तो सीन आवडला नव्हता म्हणे. तुमचं आणि ब्रूस लीचं एका बाबतीत तरी जमलं.

माझ्या प्रश्नाकडे येतो परत. मला वाटतं गोल्डन हार्वेस्टकडे पैसे असते तर हा पिक्चर बेकार झाला असता. शॉ ब्रदर्सकडे स्वतःचा मोठा स्टुडिओ, राजवाड्याचे सेट, तलवारी, रेशमी कपडे. यांच्याकडे काही नाही, म्हणून परदेशातला खरा कारखाना, खरे रस्ते, घामाने चिकटलेला साधा सदरा. हाँगकाँगमधला जो प्रेक्षक होता तो तसाच तर होता, कारखान्यात राबणारा, कुणीतरी कुठून तरी पोटासाठी आलेला. त्याने तलवारबाज शेकड्याने बघितले होते, मुकादमाकडून फसवला जाणारा मजूर शेवटी लाथ घालतो हे कुठे बघितलं होतं? लादीतून काय निघतं ते सांगत नाही, न बघितलेले असतील इथे.

३१ ऑक्टोबर १९७१ला हाँगकाँगमधे लागला. मध्यरात्रीच्या खेळाला ली बायकोला घेऊन बसला होता, तिथलं पब्लिक म्हणजे आवडलं नाही तर शिव्या घालणारं. तीन आठवड्यांच्या आत ३२ लाख हाँगकाँग डॉलर, 'साउंड ऑफ म्युझिक'चा तिथला कमाईचा रेकॉर्ड मोडला.

जिन्यातली_मांजर
पैसे नसले की चांगलं होतं हे मला पटत नाही हं. हा सगळ्या निर्मात्यांचा लाडका युक्तिवाद आहे, कमी पैशात कला फुलते. फुलते ती एखाद्याची. बाकीचे शंभर पिक्चर रात्रपाळींच्या पिक्चरसारखे सोमवारी जातात आणि त्यातही कुणाचा तरी घोटा गेलेला असतोच. इथे गादी सरकली कारण गादी धरायला पुरेशी माणसं नसतील, किंवा गादीच बेताची असेल. ते शौर्य नाही, हलगर्जीपणा आहे.

रात्रपाळी
ताई बोलल्या ते १०० टक्के. आमच्या त्या शेड्यूलला एक लोकल स्टंटचा पोरगा होता, विशीतला, नाव पण नीट कळलं नाही कुणाला, सगळे त्याला हिरो म्हणायचे. जिन्यावरून पडायचा शॉट, पॅड सगळे विमानतळावर अडकलेले, त्याने जीन्सच्या आत टॉवेल गुंडाळून मारला. पहिला टेक ओके होता. दिग्दर्शकाने सेफ्टीला अजून एक मागितला. काही झालं नाही, उठला, हसला, पण मी तेव्हा मॉनिटरमागे उभा होतो आणि काही बोललो नाही. पिक्चरमधे पहिलाच टेक आहे.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
...

तिखटशेव
विषय जड झाला म्हणून एक मजा सांगतो, गूगल करताना सापडली. अमेरिकेत १९७३ला हा पिक्चर जाताना नावाचा घोटाळा झाला. याला 'चायनीज कनेक्शन' म्हणणार होते, कारण त्यात ड्रग्जचा मामला आणि 'फ्रेंच कनेक्शन' जोरात चाललेला. आणि लीच्या दुसऱ्या पिक्चरला, 'फिस्ट ऑफ फ्युरी'ला, जवळपास तेच नाव राहणार होतं. कुठेतरी लेबलं अदलाबदल झाली आणि याचं नाव पडलं 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' आणि त्याचं 'चायनीज कनेक्शन'. वर्षानुवर्षं लोक एक मागायचे आणि दुसरा घेऊन घरी जायचे. म्हणजे आमच्या व्हिडिओवाल्याची काही चूक नव्हती.

खडीसाखर
😂 जागतिक पातळीवरचा व्हिडिओवाला.

@रात्रपाळी तुम्ही लिहिलंत हे बरं केलं. मी 'राडा झाला म्हणून चांगला झाला' हे लिहिताना असा कुणी डोळ्यासमोर नव्हता. क्लोजअप मला अजूनही आवडतो, पण आता बघताना गादी धरणारे पण दिसतील.

मिरकरवाडा_फास्ट
अपडेट. आज रविवार म्हणून बाबांना पिक्चर लावून दिला, फोनवर नाही, टीव्हीवर, मोठ्या आवाजात. मारामारीत त्यांना काही इंटरेस्ट नव्हता, चहा पीत बसले होते. कारखाना आला तसे पुढे सरकून बसले. लाद्या बघितल्या, फरशी बघितली, जरा वेळ गेला आणि मग मला म्हणाले, "मशिनी बंद ठेवल्यानी काय रे शूटिंगला? आवाज खंय हा?"

मी म्हटलं बाबा चालू होत्या, आवाज नंतर काढून टाकला.

तर म्हणाले, "आमचो पण काढून टाकूक होयो होतो."

आणि उजवा कान टीव्हीकडे करून पुढचा पिक्चर बघत बसले.